दहापैकी किती

७ जानेवारी १९८७, बुधवार

ही वही डॉक्टरांनी लिहायला सांगितली म्हणून लिहीत आहे. रोजनिशीचा मला शौक नाही. तेहतीस वर्षे शाळेत मुलींच्या रोजनिश्या तपासल्या, तेवढे पुरे झाले.

कारण सरळ आहे. माझ्या थोरल्या जाऊबाई जानकीवहिनी यांच्या स्वादुपिंडाला कर्करोग आहे. तो कापण्याच्या पलीकडे गेला, असे सर्जनने नोव्हेंबरमध्येच सांगितले. आता प्रश्न फक्त दुखण्याचा उरला आहे. अंधेरीच्या इस्पितळात दर बुधवारी डॉ. सुलक्षणा कीर नावाच्या भूलतज्ज्ञ केवळ वेदनेच्या रुग्णांना बघतात. वय तिशीच्या आत. केस विस्कटलेले, पण बोलणे स्वच्छ.

वहिनी बाहेर बाकावर आडव्या झाल्या होत्या, म्हणून मी एकटीच आत गेले. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढले. पोटाच्या मागे, कण्याच्या पुढे नसांचे एक जाळे असते. स्वादुपिंडाचे दुखणे त्या वाटेने वर जाते. पाठीतून दोन लांब सुया घालायच्या, एक्स-रेच्या पडद्यावर बघत त्या जाळ्यापर्यंत न्यायच्या आणि तिथे अल्कोहोल सोडायचे. नसा मरतात. गाठ राहते, दुखणे पोचत नाही. चिरफाड नाही, टाके नाहीत.

"मग उद्याच करा," मी म्हटले.

"बाई, थांबा जरा. रक्तदाब घसरू शकतो. फार क्वचित पायातली ताकदही जाते. गोळीवर भागत असेल तर मी सुई लावत नाही. दोन आठवडे नोंद ठेवा. सकाळ-संध्याकाळ त्यांना विचारायचं, दहापैकी किती. पाच किंवा वर असेल तर गोळी द्या, खाली असेल तर नको. आणि आकडा त्यांचाच लिहा. नातेवाईक चेहरा बघून मनचं लिहितात, ते मला चालत नाही."

शेवटचे मला पूर्ण पटले. गोळ्या अफूच्या जातीच्या आहेत. रजिस्टरवर सही करून वीस मिळाल्या.

घरी आल्यावर वहिनींना सांगितले, "रोज दोनदा विचारीन. दहापैकी आकडा सांगायचा, आणि खरा सांगायचा."

"म्हणजे तू मार्क देतलंस?"

"मी नाही. तुम्ही द्यायचे."

"मिया?" त्यांना हसू आले. "माका चौथीपर्यंत कोणी दोनाच्या वर दिल्यानी नाय. आणि आता मियाच मास्तरीण!"

संध्याकाळी: तीन. गोळी नाही.

९ जानेवारी

सकाळी आठ, संध्याकाळी सात.

आठ सांगितले आणि बाई उठून तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसल्या. मी म्हटले, राहू द्या. म्हणाल्या, "बसान कंटाळो इलो." गुणगुणतही होत्या. ही सहनशक्ती कुठून येते कळत नाही. थोरले भाऊजी गिरणीत होते, लालबागच्या एका खोलीत नऊ माणसे. संपात भाऊजी गेले, खोली गेली. तेव्हापासून त्या माझ्याकडे पंतनगरला आहेत, चार वर्षे. माझे यजमान त्याआधीच गेलेले, मूलबाळ नाही. एवढ्या काळात वहिनींची एक तक्रार मला आठवत नाही.

गोळी दिली. "आता कशाक?" म्हणाल्या. नियम आहे, म्हटले. मुकाट्याने घेतली. दुपारभर सुस्त पडून होत्या, दोनदा ओकारी झाली. भाकऱ्या उरल्या.

१२ जानेवारी

सकाळी दोन, संध्याकाळी दोन.

दिवसभर भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडल्या. चहा नको म्हणाल्या. दोनच आहे तर असे पडून राहायचे कारण काय? आजारी माणूस निजून निजून जास्त आजारी होतो. "उठून बसा, पाठ आखडेल," असे मी जरा जोरात म्हटले. भिंतीला धरून उठल्या. अर्धा तास बसल्या. मग मी खिडकी पुसायला वळले तेवढ्यात पुन्हा आडव्या.

१४ जानेवारी

संक्रांत. दोन, तीन.

शेजारची कुंदा तिळगूळ घेऊन आली. वहिनींच्या खोलीत डोकावली आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्यावरच खेकसली.

"विमल, अगं त्यांचा रंग बघितलास? ओठ चावून चावून रक्त आलंय."

"त्यांचा आकडा तीन आहे, कुंदा."

"आकडा गेला खड्ड्यात! तुला डोळे दिलेत ना देवाने?"

"डॉक्टरांनी डोळ्यांवर जायला मना केलंय."

"मग तुमच्या डॉक्टरला माझ्याकडे पाठव. तिळगूळ घे. गोड बोलायचं राहू दे, तुला जमणार नाही."

कुंदाला प्रत्येक गोष्टीचा तमाशा करायची सवय आहे. तरी ती गेल्यावर मी वहिनींना पुन्हा विचारले. त्यांनी डोळे न उघडता तीनच सांगितले.

१७ जानेवारी

सात, आठ. दोन गोळ्या. वहिनींनी सोलकढी केली. मला म्हणाल्या, "आज मार्क बरे पडले, तरी तू गोळी देतंस. तुझ्या डाक्टरणीची रीतच उलटी." मी म्हटले, डॉक्टरपेक्षा आपल्याला जास्त कळते असे समजू नये.

२१ जानेवारी, बुधवार

सकाळी दोन. अंधेरीला गेलो.

डॉ. कीर यांनी वही उघडून सगळे आकडे वाचले. अक्षर सुंदर आहे म्हणाल्या. ते मला माहीत आहे. मग म्हणाल्या, "बहुतेक दिवस दोन-तीन. मधूनच सात-आठ, तेव्हा गोळी दिली, की दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. म्हणजे गोळी छान लागू पडतेय." मान वर करून वहिनींकडे बघितले. वहिनी खुर्चीत दुमडल्यासारख्या बसल्या होत्या.

"आजी, आज किती?"

"दोन."

"दोन? नक्की?"

"होय गे बाय. खोटा कशाक बोलू? दोनाच्या वर नाय."

डॉक्टरांना खात्री वाटेना. मी सांगितले की आमच्या घरात दुखण्याचा गवगवा करायची पद्धत नाही, पण खोटेही कोणी बोलत नाही. त्यांनी पेन टेकवले. "मग सुई थांबवू. महिन्याने बघू. पलंग एकच आहे, आणि बाहेर एक गृहस्थ आहेत, त्यांचे रोज नऊ आहेत."

परतताना बसमध्ये वहिनींनी पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. असल्फ्याचा स्टॉप गेला. मग म्हणाल्या, "आणि किती कमी करूक व्हये गो?"

मला वाटले, गोळ्यांबद्दल विचारतात. म्हटले, "जितकं कमी तितकं चांगलं."

२२ जानेवारी

सकाळी शून्य. संध्याकाळी शून्य.

पहिला शून्य. खाली लाल रेघ ओढली.

मात्र दुपारी मोरीत गेले तर वहिनी खाली बसून लादीला कपाळ टेकून होत्या. काय झाले विचारले. "थंड वाटता," म्हणाल्या. हात धरून उठवले, हात ओला होता, घामाने. चेहरा एक सांगतो आणि आकडा दुसरे. असे असले की मी वर्गात मुलीचा शब्द मानत असे, आणि बहुधा ते बरोबर ठरे. आता ठरेल का, कोण जाणे.

२४ जानेवारी, शनिवार

शून्य. वही घेऊन मी खाटेच्या कडेला बसले होते. वहिनी म्हणाल्या, "गो विमल, एक विचारू? रागावशी नाय मां?"

"विचारा."

"तुझ्या शाळेत पोर नापास झाला, तर तू तेका काढून टाकी होतंस?"

"कधीच नाही. शाळा सुटल्यावर वेगळं बसवून शिकवायची. तुम्हाला माहीत आहे."

"मग त्या डाक्टरणीन माका कशाक काढून टाकल्यान? दोन दिलंय. तीन दिलंय. नऊवाल्याक सुई गावली आणि माका नाय. आता शून्य दिलंय. शून्याच्या खाली काय आसता ता तरी सांग."

मला समजायला थोडा वेळ लागला. किती ते सांगता येत नाही.

"वहिनी," मी म्हटले, "आठ कधी दिलेत?"

"भाकरी केलंय तेव्हा. बरा होता त्या दिवशी."

मी त्यांना सांगितलेच नव्हते. दहा म्हणजे असह्य आणि शून्य म्हणजे काहीच नाही, हे डॉक्टरांनी मला सांगितले, मला ते समजले, आणि मला समजले म्हणजे साऱ्या जगाला समजले असे मी धरून चालले. मुख्याध्यापिकेच्या घरात दहापैकी आकडा म्हटल्यावर त्यांनी दुसरे काय समजायचे?

वही पुन्हा पहिल्यापासून वाचली. नऊ गोळ्या दिल्या, नऊही बऱ्या दिवशी. वाईट दिवशी एकही नाही. ज्या दिवशी उठून बसा म्हणून ओरडले, तो त्यांचा दोन होता.

गोळी दिली. हातात पेला धरवेना, मी धरला. चाळीस मिनिटांनी त्यांच्या मुठी सुटल्या. तोपर्यंत काय करावे कळेना म्हणून पायांना तेल लावत बसले.

"ह्या कोणी सांगितल्यान तुका?" त्या म्हणाल्या.

"कोणी नाही."

"मग जोर काढ जरा. पाटी पुसतंस काय?"

मग मी विचारले. विचारायला नको होते, पण विचारले. "इतके दिवस बोलला का नाहीत?"

त्यांना खरेच नवल वाटले. "तू रोज विचारी होतंस गो. मिया रोज सांगी होतंय."

वहीत खाडाखोड करायची नाही, हा माझा नियम. आज मागचा प्रत्येक आकडा खोडला.

२७ जानेवारी, मंगळवार

काल सुटी होती. आज सकाळी कुंदाला वहिनींजवळ बसवून एकटी अंधेरीला गेले. डॉ. कीर ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या. बाहेर तीन तास उभी राहिले. शिपाई दोनदा म्हणाला, बाई, उद्या ओपीडी आहे, उद्या या. मी त्याला सांगितले की उद्याही येईन.

त्या बाहेर आल्यावर उभ्या उभ्या सगळे सांगितले. काही वगळले नाही. त्या भिंतीला टेकल्या.

"चूक माझीही आहे, बाई. मी आजींना स्वतः समजवायला हवं होतं."

"चूक माझी आहे. वाटून घेऊ नका."

"तुम्ही माझ्या बाई असतात तर मी शाळाच सोडली असती," त्या म्हणाल्या, आणि मग माझ्या हातावर हात ठेवला. परक्या माणसाने असे केलेले मला आवडत नाही. आज हात काढून घेतला नाही.

गोळी दर सहा तासांनी, विचारल्याशिवाय. सुई पुढच्या बुधवारी.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज सुई.

सकाळी डॉक्टरांनी वहिनींच्या खाटेवर बसून सगळे स्वतः सांगितले. पालथे निजायचे, पोटाखाली उशी, आधी जागा बधिर करायची, मग सुया, मग औषध.

"औषध कसला?"

"अल्कोहोल, आजी. अगदी शुद्ध."

"दारू?" वहिनी माझ्याकडे वळल्या. "बघ गो! तुझ्या भावजीन जन्मभर तोंडान घेतली आणि काय्येक उपयोग झालो नाय. माका पाठीत देऊन बघतत."

डॉक्टर इतक्या हसल्या की नर्स आत बघायला आली.

मला आत सोडले नाही. एक तास दहा मिनिटे. बाकाच्या मागे भिंतीवर हात धुण्याविषयी सूचना होती, तिच्यात शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत. त्या मी नव्वद वेळा वाचल्या असतील. पायांचे सारखे मनात येत होते. पाय गेले तर मी काय सांगणार, आणि कोणाला? यांची मुलगी प्रेमा मालवणजवळ आचऱ्याला असते. तिला अजून मी खरे काहीच कळवलेले नाही. "तब्येत बरी आहे" एवढेच दर पंधरा दिवसांनी लिहिले.

रक्तदाब घसरला होता, सलाइन लावले, वर आला. चार वाजता मला जवळ बसू दिले. वहिनी डोळे मिटून निपचित होत्या. मी काही विचारले नाही. मला आता विचारायची भीतीच वाटते.

बऱ्याच वेळाने त्याच म्हणाल्या, "पाठीत जळजळला सुरवातीक. मगे... संपाच्या पयल्या दिवशी गिरणी बंद पडली, आठवता तुका? रोजचो तो आवाज एकदम नाय. मिया जिन्यात उभी रवलंय. बाजूच्या खोलीतला घड्याळ माका ऐकाक येय. तसा वाटता आता पोटात."

६ फेब्रुवारी

दोन दिवस दर तासाला पायाचे अंगठे हलवून बघायला लावले. दोन्ही हलतात. "मेल्ये, झोपाक दी," असे ऐकून घेतले. जुलाब होत आहेत, ते होतातच म्हणे. उभे राहिल्यावर चक्कर येते, म्हणून पायांना पट्टे बांधले आहेत. पण उभ्या राहतात.

प्रेमाला पत्र लिहिले. सगळे खरे लिहिले, आकड्यांची गोष्टही. टाकले.

१२ फेब्रुवारी

घरी आलो त्याला चार दिवस झाले. वहिनी सलग सात तास झोपतात. मऊ भात आणि पेज खातात. काल कुंदाला केस विंचरून द्यायला बसवले आणि तिच्या सुनेची सगळी हकिकत काढून घेतली.

आज सकाळी मी वही उघडली नाही, तर म्हणाल्या, "विचारूचा नाय?"

"नाही."

"अगो विचार. माझे इतके मार्क वाया जातले."

"किती?"

"नऊ."

"वहिनी, ते उलटं असतं. नऊ म्हणजे—"

"तुमचा उलटा आसात. माझा सुलटाच रवांदे."

ठीक आहे. आजपासून या वहीत वहिनींच्या पद्धतीने लिहायचे. नऊ.

१८ फेब्रुवारी, बुधवार

नऊ. डॉक्टर म्हणाल्या, असर तीन-चार महिने टिकेल, कदाचित जास्त. आजार मात्र थांबणार नाही. हे त्यांनी वहिनींसमोरच सांगितले. मला बरे वाटले नाही. वहिनींनी मात्र मान हलवली, जणू भाजीचा भाव ऐकला.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, "प्रेमाक पत्र घाल. माका आचऱ्याक न्हेवक ये म्हणून."

२२ फेब्रुवारी

चार दिवस आम्ही भांडतो आहोत. म्हणजे मी भांडते आहे.

तिथे चांगला डॉक्टर नाही. एस.टी.चा प्रवास बारा तासांचा. पुन्हा दुखू लागले तर सुई कोण लावणार? हे सगळे मी मुद्देसूद मांडले. त्या शांतपणे वाल सोलत होत्या. शेवटी माझ्या तोंडून निघून गेले, "मी सतरा दिवस तुमचे हाल केले म्हणून जाताय. सरळ सांगा ना."

त्यांनी वालाची परडी खाली ठेवली.

"येडी काय तू? तुझ्या चुकीपायी जावचा असता, तर पयल्या वर्षीच गेलंय असतंय. काय कमी चुकलंस?" मग परडी पुन्हा जवळ ओढून, "गो, प्रेमा लग्न होऊन गेली ती गेली. माका कधी तिच्याकडे चार दिवस रवाक गावला नाय. कधी ह्यांची पाळी, कधी संप, कधी दुखणा. आता दुखत नाय. आता मिया तिची आवस म्हणान, आई म्हणान जाऊन बसतलंय. दुखूक लागल्यार मिया नुसता दुखणाच, मगे माका घेऊन ती काय करतली?"

मी उठले. भांडी घासायला घेतली. कामाची बाई येऊन घासून गेली होती, हे अर्ध्यावर लक्षात आले.

१ मार्च

प्रेमासाठी सूचनांचा कागद लिहिला. तीन मसुदे फाडले. पहिल्यात एकवीस कलमे होती. शेवटी एवढेच ठेवले: दुखते म्हणाली की गोळी दे. म्हणाली नाही आणि कपाळ ओले दिसले, तरी दे. पेज पातळ ठेव. उठताना हात पुढे कर, पण धरू नकोस, तिला आवडत नाही.

वहिनींनी वाचून घेतला. हळू वाचतात, ओळीखाली बोट धरून. "झाला? आणखी काय नाय?" म्हणाल्या.

"आणखी काय लिहू?"

"तुका लिवता येता, माका काय कळता?" असे म्हणून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे. साठ वर्षांची बाई.

३ मार्च

प्रेमा सकाळी आली. ठेंगणी, सावळी, बोलणे वहिनींसारखेच. सारखी माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात येत होती, मला वाटले पत्राबद्दल काही बोलणार. बोलली नाही. जेवताना तिने मला आग्रह करून दुसऱ्यांदा वाढले, माझ्याच घरात.

४ मार्च, बुधवार

नेहरूनगरचा एस.टी. स्टँड, मालवण गाडी, सकाळी साडेसहा. रिक्षाने वेळेआधी अर्धा तास पोचलो. यादी करून नेली होती. प्रेमा म्हणाली, "काकी, सही कशाक? आवस माझीच मां?" मी म्हटले, सही कर.

प्रेमाकडे सुपूर्द केले ते असे:

गोळ्या, छत्तीस, ॲल्युमिनियमच्या डबीत. डॉ. कीर यांची चिठ्ठी, तिथल्या डॉक्टरांसाठी. सुईची तारीख, जागा आणि औषधाचे माप त्यात आहे. इस्पितळाचा पत्ता लिहिलेली पोस्टकार्डे, दहा. सूचनांचा कागद, एक. नऊवारी लुगडी, चार. माझी शाल, परत नको. पेजेचे तांदूळ, दोन किलो. तिकडे मिळतात, हे मला माहीत आहे.

जानकी धोंडू वालावलकर, वय चौसष्ट. गाडीच्या पायऱ्या स्वतः चढल्या. खिडकीची जागा मिळाली.

मिळाले. प्रेमा आचरेकर. ४-३-८७.